गाडीला शेवटचा हात कोणाचा?

हॅलो?

… कोण, चिमे? … अगं बोल ना. तुटतोय आवाज तुझा… हां, आता येतोय.

… हो, आईची खोली तयार आहे. खाट भिंतीला लावली, पंखा पुसला, तिला लागते तसली चपटी उशी काढून ठेवली. निघालात ना तुम्ही? … मग थांबलात कशाला?

… काय? कोण थरथरतंय? … आई? ताप आलाय का तिला?

… गाडी. मग आधी गाडी म्हणावं ना गं.

हं, सांग आता. सावकाश. … कुठे आहात? … घाटाच्या तोंडाशी, पेट्रोल पंपावर. बरं. म्हणजे पुढे सगळा उतारच. … हो, आठ किलोमीटर. आणि त्या वळणांवर धड गाडीतसुद्धा मी डोळे मिटून बसते.

… मागून कोण बोलतंय? भाऊजी? काय म्हणतायत? … 'काही झालेलं नाही, चाकाचं बॅलन्सिंग गेलंय, हळू गेलं की पोचू.' … आणि तुला काय वाटतंय? … तुला भीती वाटतेय.

मग त्यांना म्हणावं, जरा थांबा. … हो, कानाच्या डॉक्टरांची पाचची वेळ आहे, मला माहीत आहे. तीन महिन्यांनी मिळालीय हेही माहीत आहे, मीच घेतलीय ती. आत्ता कुठे अडीच वाजलेत. तेवढ्यात आईचे कान काही पळून जात नाहीत.

… यांना विचारू?

… चिमे, तू शुद्धीवर आहेस ना?

… हळू बोल. हे इथेच बसलेत, समोर. … काही नाही, मटार सोलतायत. मुकाट्याने. पाठ केलीय माझ्याकडे, पण कान इकडेच आहेत.

… अगं कसं विचारू? दोन वर्षं झाली, तुमच्या गाडीचा विषय निघाला की हे उठून गॅलरीत जातात. भाच्याच्या वाढदिवसाला वीस माणसांसमोर भाऊजी काय म्हणाले होते, विसरलीस? 'तुमचं गॅरेजवाल्यांचं सगळं अंदाजपंचे, आम्हा पूल बांधणाऱ्या इंजिनीअरांचं मोजून मापून.' पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला. आणि तेही, यांनी नुसतं एवढंच म्हटलं होतं की समोरून जरा कुरकुर येतेय, चाकामागचे रबरी बुश बघून घ्या.

… हो गं, यांनीही काही कमी केलं नाही. हातातली बशी ठेवून उभे राहिले. 'यापुढे त्या गाडीबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही आणि तिच्या बॉनेटला हात लावणार नाही.' जसं काही कोर्टात उभे होते. तेव्हापासून दोघं साडू एकमेकांना बघून फुटपाथ बदलतात, आणि आपण दोघी मधल्या मध्ये पिचतोय.

… ऐक, ऐक ना. आपण असं करू. मीच विचारते तुला. … हसू नकोस. पस्तीस वर्षं दुपारचा डबा घेऊन गॅरेजात गेलेय मी. यांचं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची, दुसरं काम काय होतं? … नाही, स्पीकरवर नको, लगेच उठून जातील. मी जरा मोठ्याने बोलते. त्यांनी ऐकलं तर ऐकलं.

हं. तर गाडी थरथरते. … कुठे थरथरते? स्टिअरिंग हलतं, की बुडाखालची सीट हलते? … विचार भाऊजींना. … दोन्ही. स्टिअरिंग जास्त. म्हणजे पुढून आहे. … मला कसं कळलं म्हणजे? मागून असतं तर सीट हलली असती नुसती.

… किती वेगाला? … चाळीसला सुरू होतं. आणि साठला? … साठच्या वर नेलीच नाही. बरं केलंत.

… आणि आवाज? कसा आवाज? … धाडधाड म्हणजे कसा? काढून दाखव. … अगं लाजतेस काय पंपावर, कोण ओळखतंय तुला तिथे? काढ.

… ठक्… ठक्… ठक्. असा? … की कट् कट् कट्? … ठक्. जाड. लाकडी दार कोणीतरी आतून ठोठावल्यासारखा. … बरं.

… मटार थांबले, चिमे.

… अगं यांचे हात थांबले. शेंग अर्धी उघडून तशीच धरलीय. … नाही, बोलत नाहीत. पण ऐकतायत.

… आता मान हलवतायत. कशाला हलवतायत कोण जाणे. अहो, काय? … बघ, परत भिंतीकडे तोंड. तोंडाला कुलूप ते कुलूपच.

थांब, हाताने काहीतरी करतायत. शेंग आडवी धरून गोल गोल फिरवतायत… इकडून तिकडे… स्टिअरिंग. स्टिअरिंग फिरवायचं? … हो म्हणाले. म्हणजे मानेने म्हणाले. ऐक, भाऊजींना सांग, गाडी उभीच ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे ठक् होतं का बघ. … हो, मी धरते.

… नाही? काहीच नाही? … बरं. आता स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, हळूच, माणूस चालतो तेवढ्या वेगाने पुढे घ्यायची. पंपाच्या आवारातच. कट् कट् कट् कट् असं दाणे भाजल्यासारखं वाजतंय का? … वाजलं तर एक्सेल गेला. … हो, मी स्टुलावर बसून एवढं शिकले, तू मला अजून 'ताईला काय कळतंय'मध्येच धर.

… नाही वाजत. मग काय वाजतंय? … तेच ठक्. एकदा… आणि मग परत एकदा. हं.

… आता यांनी तळहात खाली दाबून दाखवला. टेबल दाबतायत. वाटाणे उडाले दोन. … बॉनेटचा कोपरा दाबायचा का हो? … हो. चिमे, पुढचा डावीकडचा कोपरा दोन्ही हातांनी दाब आणि सोड. गाडी किती वेळा वरखाली होते? … एकदाच होऊन थांबली? मग शॉकर बरा आहे. … दुसरा कोपरा? … तोही बरा.

… भाऊजी काय म्हणतायत आता? … 'फोनवरून काय निदान होणार, आपण निघू या.' … चिमे, त्यांना म्हण, ताई म्हणतेय, माझी आई आहे त्या गाडीत. गाडी थरथरते कशाने हे कळल्याशिवाय तुम्ही तो घाट उतरायचा नाही. … हो, अस्संच्या अस्सं सांग. … मला राग नाही आलाय. मला भीती वाटतेय गं.

… हो. … हो, थांबलेय मी.

… अहो, तुम्ही एक शब्द बोललात तर काय आकाश कोसळणार आहे का? … बघा, शेंगा मांडतायत. … नाही गं, तुला नाही, यांना म्हटलं. वर्तमानपत्रावर चार शेंगा मांडल्यात. दोन इकडे, दोन तिकडे. … गाडी केलीय. चार शेंगांची. आणि पुढची डावीकडची शेंग बोटाने हलवतायत. … डावीकडून येतोय का आवाज?

… तुला कळत नाही. तू मागे बसलीयस. पुढे कोण बसलंय भाऊजींच्या शेजारी? … आई? मग आईला… हो, ते खरं, तिला ऐकू कुठे येतंय. बरं, राहू दे.

दुसरं सांग. तो ठक् आवाज, गाडी हळू असताना कसा येतो? सावकाश? ठक्… … ठक्… … ठक्? … आणि वेग वाढवला की? … भराभर. ठक्ठक्ठक्ठक्. … नक्की? … नक्की ना?

… चिमे, मग ते खड्ड्याने नाही वाजत. सपाट रस्त्यावरही येतोय, आणि वेगाबरोबर वाढतोय. म्हणजे जे वाजतंय ते चाकाबरोबर फिरतंय.

… अगंबाई, हे वळून बसले माझ्याकडे.

… नाही, बोलले नाहीत. बघतायत नुसते. पहिल्यांदाच असं बघितलं पस्तीस वर्षांत, काय सांगू तुला. … गप्प बस, मस्करी नकोय आत्ता.

… आता शेंगेने काहीतरी दाखवतायत. दाराच्या मागे. … पाटी? पाटीकडे?

… अगं ती गॅरेजातली पत्र्याची पाटी. गॅरेज बंद केलं तेव्हा सगळं विकलं, तेवढी एक पाटी घरी आणून दाराच्या मागे टांगली. मीच पुसते दर आठवड्याला. … तीच. लाल अक्षरांत. 'गाडीला शेवटचा हात कोणाचा?' गाडी आली की हे आधी बॉनेट उघडायचे नाहीत. पाटीकडे बोट दाखवायचे. गिऱ्हाइकाने सांगितलं की मग काम सुरू. म्हणायचे, गाडी आपणहून बिघडत नाही, कोणीतरी तिला शेवटचं शिवलेलं असतं.

तर सांग. शेवटचा हात कोणाचा? … चार महिन्यांपूर्वी, सर्व्हिसिंगला. त्यानंतर? … कोणाचाच नाही. … आणि आजपर्यंत असं कधी वाजलं नव्हतं? … आजच. … पंक्चर काढलं होतं ना मध्ये, तू म्हणाली होतीस मला परवा? … हो, 'पंक्चरवाल्याकडे नेलं' म्हणाले होते भाऊजी. स्टेपनी लावून आणली. म्हणजे त्या पंक्चरवाल्याचा हात. कुठला पंक्चरवाला? … विचार की. … काय झालं? … आरसा पुसत बसलेत? भाऊजी? आत्ता? त्यांना काय झालं?

… कोण ओढतंय फोन? … आई? … अगं तिला काय सांगायचंय, तिला ऐकू येणार आहे का माझं? … बरं, दे. दे.

आई. … आई, मी बोलतेय. मोठी. … अगं तुझी मोठी मुलगी, आणखी कोण फोन करणार तुला? … हो, चपटी उशी काढलीय. … हो, खिडकीजवळ. … आई, ऐक, तुला काय होतंय? … पायाला मुंग्या? कुठल्या पायाला? … डाव्या. जिथे चाक आहे तिथे. … कानाने ऐकू येत नाही पण पायाला कळतं. … हो, शहाणी आहेस तू. शहाणी आहेस म्हटलं.

… काय? … रविवारी? … चिमी गाण्याच्या क्लासला गेली होती तेव्हा. … कोणी? … जावयाने? … स्वतः? … चाक काढून? … तू कुठे होतीस? … व्हरांड्यात, खुर्चीवर. जॅक दोनदा घसरला. बोट चेमटलं. … आणि मग तुला म्हणाले, चिमीला सांगू नका, पंक्चरवाल्याकडे नेलं म्हणून सांगतो.

… आई, आणि हे तू आत्ता त्यांच्याच शेजारी बसून सांगतेयस. एवढ्या मोठ्याने.

… असू दे. असू दे म्हटलं. फोन चिमीला दे.

… चिमे, भांडू नकोस. … अगं ऐक ना. ऐक. ते खोटं बोलले, मान्य. रात्री भांड, उद्या भांड, आठवडाभर भांड, आत्ता नाही. आत्ता खाली उतर. … उतरलीस? डावीकडच्या पुढच्या चाकापाशी जा. मधली झाकणी काढ. … नखाने नाही निघणार, घराच्या किल्लीने उचल. … निघाली. आत नट दिसतायत? किती? … चार.

आता एक काम कर. आधी बोट लावून बघ तापलेत का. … कोमट. बरं. एकेका नटाला दोन बोटांनी फिरवून बघ. … अगं नाहीच फिरत ते दोन बोटांनी. फिरू नयेच. पाना लागतो त्याला, त्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं, म्हणून तर बघ म्हणतेय.

… फिरला?

… किती फिरला?

… दुसरा? … दुसराही.

… चिमे, आईला गाडीतून उतरव. आत्ता. … नाही, नंतर नाही, आधी उतरव, मग बोल. … भाऊजींना म्हणावं, गाडीची किल्ली काढून तुझ्या हातात द्या…

… अहो, वाटाणे. वाटाणे सांडले सगळे. … काय? … अहो, ओढू नका, देतेय ना… घ्या. घ्या बाई.

— हॅलो. … चिमे, मी बोलतोय. … हो, मीच. आई उतरल्या का? … सावलीत बसव. आता फोन साहेबांना दे. … दे गं.

… साहेब. … हं, मी. … बरा आहे. तुम्ही? … ते नंतर बोलू. गाडी सपाट जागेवर आहे ना? … हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा. … पंपावरच्या माणसाकडे मागा, त्यांच्याकडे असतात. … बरं. मी आहे फोनवर.

… लावले? जॅक लावायच्या आधी मला एक सांगा. नटाची एक बाजू निमुळती असते, एक चपटी. बरोबर? निमुळती कुठे आहे? आत, चाकाकडे, की बाहेर, तुमच्याकडे?

… बाहेर.

… चारही?

… हं.

… नाही नाही, ऐकतोय. … 'चपट्या बाजूचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून पकड जास्त.' … हो. … हिशेब चुकीचा नाही, साहेब. कागदावर बरोबरच आहे. फक्त चाकाचं भोकही निमुळतं असतं. नट त्यात शिरला की चाक आपोआप मधोमध येतं. चपटी बाजू टेकली की ते मधोमध येत नाही. एका अंगाला राहतं, म्हणून गाडी थरथरते. थरथरलं की नट सुटतात, नट सुटले की चाक आदळतं. ते तुमचं ठक् ठक्.

… हो. घाटात निघालं असतं. … पहिल्या नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला. … नका बोलू तसं. निघालं नाही ना? थांबलात ना तुम्ही? मग.



… अहो, होतं. … माझ्याकडून? माझ्याकडून काय झालं ते तर कोणालाच माहीत नाही. गॅरेज उघडून महिना झाला नव्हता. एका मास्तरांची गाडी होती. चाक बसवलं, नट हाताने फिरवले, आणि तेवढ्यात कोणी हाक मारली म्हणून पाना लावायचा राहिला. मास्तर निघूनही गेले. मी सायकलवर दोन किलोमीटर ओरडत पळालो त्यांच्या मागे. … मिळाले. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून मिळाले. तिथेच रस्त्यावर बसून आवळले नट, आणि मास्तरांना सांगितलं, हवा बघायला आलो. … तर. ती पाटी त्यानंतर रंगवून घेतली. लोकांना वाटतं गिऱ्हाइकांसाठी आहे.

… चला, जॅक लावा आणि करा सुरुवात. चाक पूर्ण काढू नका, एकेक नट काढा, उलटा करा, हाताने बसेल तेवढा बसवा. … बोल्टांवरचे आटे बघा, झिजलेत का? … चांगले आहेत. भोक बघा, गोल आहे की लांबट झालंय? … हात फिरवा. … गोल. तुमचं नशीब, चाक बदलल्यापासून आज पहिल्यांदाच लांब पल्ल्याला काढलीत.

… झाले चारही? आता समोरासमोर आवळायचे. वरचा, मग खालचा. डावा, मग उजवा. शेजारचा शेजारचा नाही. … हो, तुमच्या पुलांच्या बोल्टांना करतात तसंच. … बरोबर, तुम्हाला मी काय सांगणार त्यातलं.

… उतरवा जॅक. आता पान्यावर जोर द्या. … पायाने नको, हाताने, पण मनापासून. … कितीचा जोर मोजून? … मोजायचं काही नाही आपल्याकडे आत्ता. 'आणखी थोडं' असं वाटेल तिथे थांबा. … हो. अंदाजाने.

… हसा, हसा. मी पण हसतोय.

… पंपाच्या आवारात दोन चकरा मारा. … आहे मी.

… नाही वाजत? … स्टिअरिंग? … स्थिर. … बरं. आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरा घाट, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

… कोणाला? … नाही, चिमीला नाही सांगत. … तुम्ही मास्तरांचं सांगू नका. … ही? ही शेजारीच उभी आहे, पण हिला गाडीतलं काही कळत नाही.

… साहेब, आणि… येताय ना घरी? … नाही, आईंना नुसतं दारात सोडून जायचं नाही. वर या. … बरं. घे गं. तुझी बहीण आहे.

हॅलो, चिमे? … हो, मीच. … मी कशाला रडतेय, कांदा… नाही, मटारच सोलत होते हे, कांदा कुठला. जाऊ दे.

… काय झालं होतं म्हणजे? … मला कसं माहीत असणार? … हो, होते मी इथेच उभी, पण ते बोलतात त्यातलं काय कळतं आपल्याला? जुनी गाडी आहे गं. वीस-बावीस वर्षांची. नट होतात सैल कधीकधी. … हो, आपोआप.

… नाही, भाऊजींची चूक नाही त्यात काही. … अगं नाही म्हटलं ना. चाक स्वतः बदललं तर बदललं. बोट चेमटलंय त्यांचं, ते बघ आधी. … आता 'पंक्चरवाल्याकडे नेलं' म्हणाले, त्यावर भांड हवं तर, पण अर्धाच तास.

… आई काय म्हणतेय? … पायाच्या मुंग्या गेल्या. … बघ. तिच्या पायापेक्षा मोठं यंत्र नाही.

… थांब, एक मिनिट. अहो? अहो, कुठे निघालात? … चिमे, हे पाना घेऊन निघालेत. माळ्यावरून काढला आत्ता, तो लांब दांड्याचा. … घाटाच्या पायथ्याशी उभे राहतो म्हणतायत. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर नट परत एकदा आवळायला लागतात. … हो, स्कूटरवर. या उन्हात. टोपीही न घेता.

… विचारू? … बरं. अहो, आणि त्या शपथेचं काय? वीस माणसांसमोर घेतली होतीत ना, शब्द काढणार नाही आणि हात लावणार नाही?

… काय म्हणाले सांगू?

… म्हणाले, 'शब्द निघाला, त्याला इलाज नाही. पण हात चाकाला लावणार आहे. बॉनेटला नाही लावणार. बॉनेटचं बोललो होतो, ते पाळणार.'

… हसू नकोस गं. दारातच आहेत अजून, ऐकतील. मला पण हसू… थांब. अहो, टोपी.

… गेले.

… चिमे? … हो, आहे. … दोन वर्षांत पहिल्यांदा शीळ घालत जिना उतरले गं. … हो. … हो, मला पण. … नाही, आता खरंच ठेव. या सावकाश. मला टेबलाखाली शिरायचंय, सगळीकडे वाटाणे झालेत.